उभा ट्रक उचलायला हायड्रा की अंडरलिफ्ट?

कळंबोलीचा लोखंड बाजार असो की उरणकडचा कंटेनर यार्डांचा रस्ता, कडेला लावलेला ट्रक उचलायला दोनच यंत्रं येतात. एक, बांधकामावरची हायड्रा, म्हणजे ओझं लटकवून चालणारी क्रेन. दुसरं, खास टोइंगसाठी बनवलेला अंडरलिफ्ट रेकर, म्हणजे गाडी खालून उचलून ओढणारा ट्रक. नो पार्किंगच्या भांडणात दंड हा किरकोळ भाग. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ खाली अडथळ्याचा दंड ५०० रुपयांपर्यंत आहे. खरी जुंपते ती गाडी सोडवताना, टायर आणि गिअरबॉक्सची हालत बघून.

हायड्रा स्वस्त पडते आणि कुठल्याही नाक्यावर मिळते, एवढेच तिचे गुण. १२-१४ टनांची म्हणतात ती क्षमता बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, पूर्ण आत असतानाची. बूम बाहेर काढला की ती झपाट्याने घटते, आणि ओझं लटकवून चालताना आणखी. भरलेल्या सहाचाकीच्या नुसत्या पुढच्या एक्सलवर ७ टनांपर्यंत भार असतो. त्यात पट्टा एक्सलऐवजी बंपरला घातला की बंपर वाकतो, जाळी आत जाते, पाठोपाठ रेडिएटर. हायड्रा मधोमध मोडून वळते, त्यामुळे लटकतं ओझं घेऊन वळणावर कलंडण्याचा धोका वेगळाच. भरलेल्या गाडीला हायड्रा लावू देऊ नये.

अंडरलिफ्टचे काटे थेट पुढच्या एक्सलखाली जातात, वरून साखळी लागते, गाडी झुलत नाही. आमची पसंती यालाच. पण यंत्र चांगलं म्हणून काम चांगलं होतंच असं नाही. दोन गोष्टी तिथेही चुकतात.

पहिली, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा. मागची चाकं फिरली की शाफ्टमुळे गिअरबॉक्सचा आउटपुट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने आतलं तेल उडत नाही. काही किलोमीटरांत बेअरिंग जळतात. शाफ्ट मागच्या जॉइंटला खोलून वर बांधायचा. खोलण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) रंगाची खूण, नाहीतर उलटा बसला की गाडी थरथरते. गाडी न्यूट्रलला टाकून चालत नाही का? नाही, तेलाचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरी, ब्रेकची हवा. टाकीतली हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक मागची चाकं जाम करतात. तशीच ओढली तर टायर एका जागी घासून सपाट होतो, ब्रेकचे लायनर जळतात. रेकरवरून पाइपने हवा द्यावी किंवा चेंबरचा (स्प्रिंग असलेल्या ब्रेकच्या डब्याचा) रिलीज बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबून घ्यावी, चाकाखाली ठोकळे लावल्यावरच. ट्रेलरचे चेंबर वेगळे असतात. घोडा, म्हणजे पुढचा ओढणारा ट्रक, मोकळा केला म्हणजे ट्रेलर मोकळा झाला असं नव्हे.

कागदांकडे वळू. कलम १२७ नुसार उचलायला सांगण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याचा. ठेकेदाराचा माणूस स्वतःहून ठरवू शकत नाही. "दहा तास झालेच नव्हते" हा मालकांचा आवडता मुद्दा नो पार्किंगमध्ये टिकत नाही. दहा तासांची अट बेवारस सोडलेल्या गाडीला आहे, मनाई असलेल्या जागेला नाही. टोइंगचा खर्च मालकाच्याच माथी, पण पावतीवर तो दंडापासून वेगळा लिहून घ्यावा. जागा, वेळ आणि कलमही. चारही बाजूंचे, एक्सलखालचे आणि सीलचे फोटो यार्डात गाडी ताब्यात घेण्याआधी काढावेत. सही केल्यावर नुकसान दाखवलं तर कोणी ऐकत नाही.

माल भरलेला असेल तर ई-वे बिलाची (मालवाहतुकीला जीएसटीखाली लागणाऱ्या कागदाची) मुदत बघा. साध्या मालाला २०० किमीमागे एक दिवस मिळतो, आणि मुदतवाढ ही मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच घेता येते. यार्डात रात्र गेली की हे हमखास राहून जातं.

गाडी सुटल्यावर शाफ्टचे बोल्ट कसलेत का बघा, आणि रिलीज बोल्ट परत सोडवून घ्या. तो तसाच राहिला तर हँडब्रेक ओढूनही लागत नाही, आणि उतारावर ते कळलं तर फार उशीर झालेला असतो.