आवक क्रमांक मिळाला का? नाशिकच्या कॉलेजांतल्या गुण-तक्रार सेवेचा रिव्ह्यू

पेपर बरा गेला होता, तरी अंतर्गत परीक्षेत ३० पैकी ९. सर फोन उचलत नाहीत, मेसेजवर निळ्या टिका दिसतात पण उत्तर येत नाही. कॉलेज रोडपासून आडगावपर्यंत दर सत्राच्या शेवटी हे ऐकू येतं. यावर कागदोपत्री एक अख्खी सेवा उपलब्ध आहे, तीही फुकट: विभागप्रमुख, कॉलेज परीक्षा अधिकारी, प्राचार्य, विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि सगळ्यात वर विद्यापीठाचा लोकपाल, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणारा अधिकारी. ती कुठे चालते आणि कुठे अडकते, त्याचा हा रिव्ह्यू. तो कुठल्या एका कॉलेजचा नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत रचना साधारण सारखीच असते.

आधी एक घोळ मिटवू. शंभर गुणांच्या विषयात ७० चं दुकान वेगळं आणि ३० चं वेगळं. सत्रान्त परीक्षेच्या ७० गुणांसाठी निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती पाहून मग पुनर्मूल्यांकन. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि परिपत्रकात छापलेली असते. ती चुकली की कोणी ऐकत नाही. पण हा रस्ता एकंदरीत रुळलेला आहे, कारण इथे माणसाशी गाठच पडत नाही. अंतर्गत ३० गुणांना पुनर्मूल्यांकन नाही. तिथे सगळं कॉलेजातच सोडवावं लागतं आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

सर उत्तर का देत नाहीत? दरवेळी माज हेच कारण नसतं. नाशिकमध्येही बरेच प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर असतात. सत्र संपलं की त्यांची नेमणूक संपते आणि जूनमध्ये ते दुसऱ्याच कॉलेजात शिकवत असतात. तुमच्या पेपरचा गठ्ठा मात्र विभागातल्या कपाटात पडलेला असतो. कायम प्राध्यापक असतील तर ते पेपर तपासणीच्या केंद्रावर, निवडणुकीच्या कामावर किंवा सुट्टीवर असू शकतात. म्हणून व्यक्तीची वाट पाहत बसणं ही पहिली चूक. एक ईमेल करा, तीन कामाचे दिवस थांबा, आणि चौथ्या दिवशी विभागप्रमुखांच्या नावे लेखी अर्ज टाका. सर बदलतात, विभागप्रमुखाची खुर्ची तिथेच असते.

आता या सेवेतला सगळ्यात भरवशाचा भाग, म्हणजे कार्यालयातली आवक-जावक खिडकी. समितीपेक्षा, पोर्टलपेक्षा आणि प्राचार्यांच्या ‘बघतो मी’पेक्षा तिला जास्त गुण द्यावे लागतील. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. बाबू एक ठेवून घेतो, दुसरीवर गोल शिक्का मारतो, शिक्क्यातल्या रेघेवर पेनाने तारीख आणि आवक क्रमांक लिहितो आणि बारीक सही करतो. ही झाली पोच. पुढे उत्तराची वाट किती दिवस पाहायची, ते याच तारखेपासून मोजलं जातं. शिक्का पुसट उठला तर दुसऱ्यांदा मारून घ्या, लाजू नका. फोटोत क्रमांक वाचता आला पाहिजे.

इथे हमखास घडणारी गंमत म्हणजे ‘आधी साहेबांची मार्किंग आणा’, म्हणजे अर्जावर साहेबांचा शेरा आणा. साहेब मीटिंगमध्ये, त्यामुळे अर्ज पिशवीतच राहतो. वाद घालू नका. त्याच दिवशी अर्ज स्कॅन करून प्राचार्यांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि मूळ प्रत स्पीड पोस्टाने त्याच पत्त्यावर टाका. पोस्टाची पावती आणि वाटपाची ऑनलाइन नोंद मिळून पोचेचं काम करतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘सर प्लीज बघा ना’ कुठल्याही नोंदवहीत चढत नाही.

अर्जाची भाषा कोरडी ठेवा. विषय असा: ‘अंतर्गत परीक्षा, अमुक विषय, दि. अमुक, उत्तरपत्रिका दाखविणे व गुणांची पडताळणी करणेबाबत.’ खाली पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, वर्ग, तुकडी, परीक्षेची तारीख, जाहीर झालेले गुण आणि नेमका आक्षेप. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘प्र. ३ (ब) चे उत्तर पुरवणीवर आहे, त्याला गुण दिलेले दिसत नाहीत’ या वाक्यावर कपाट उघडावंच लागतं. मागणी एकच करा: उत्तरपत्रिका दाखवा. गुण वाढवून मागायचे की नाही, ते पेपर पाहिल्यावर ठरतं. सरांच्या स्वभावाबद्दल एक ओळही नको. ती ओळ आली की विभाग एकजूट होतो आणि पेपर बाजूला राहतो.

पेपर समोर आल्यावर बहुतेक मुलं थेट आपलं उत्तर वाचायला घेतात. आधी मुखपृष्ठावरचा तक्ता बघा. प्रश्नवार गुणांची बेरीज स्वतः करा. मग आतल्या पानांवरचे गुण आणि तक्त्यातले गुण जुळतात का ते पाहा. त्यानंतर बिनतपासलेली पानं शोधा: जिथे टिक नाही, फुली नाही, शून्यही नाही. पुरवणी सुटी झालेली असते, किंवा ‘कोणतेही दोन सोडवा’मध्ये तिसरं उत्तर लिहिलं असेल तर भलतंच मोजलेलं असतं. शेवटी पेपरवरची बेरीज आणि पोर्टलवरचा आकडा. बऱ्याच चुका तपासणीत झालेल्याच नसतात, त्या एक्सेलच्या शीटमध्ये होतात. पेपरवर १९, पोर्टलवर ९. किंवा पुनर्परीक्षा दिली तरी जुनेच गुण चढवलेले. किंवा हजर असून ‘एबी’, म्हणजे गैरहजर. सगळ्यात फसवी म्हणजे ओळ सरकणं: एक गैरहजर विद्यार्थी शीटमधून वगळला की त्याच्या खालच्या सगळ्यांचे गुण एक घर वर चढतात. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या मागच्या-पुढच्या रोल नंबरवाल्यांना विचारा. मागच्याला तुमच्या अपेक्षेएवढे आणि तुम्हाला पुढच्याएवढे पडले असतील, तर चूक एकट्याची नाही. चार-पाच जणांनी एकत्र अर्ज द्या, काम पटकन होतं. राहिला प्रश्न ‘उत्तराला ४ ऐवजी ६ हवे होते’ या आक्षेपाचा. इथे ही सेवा कमकुवत आहे. आदर्श उत्तरपत्रिका किंवा गुणविभागणी लेखी मागा, आपलं उत्तर मुद्द्यांनुसार तिच्याशी ताडून दाखवा, आणि अपेक्षा माफक ठेवा.

वेळेचं गणित निर्दय आहे. कॉलेजने अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरून ते कायम केले की विभागप्रमुखांना मनात असूनही आकडा बदलता येत नाही. मग प्राचार्यांच्या सहीचं दुरुस्तीपत्र, सोबत मूळ गुणतक्ता आणि उत्तरपत्रिकेची प्रत, पुण्याच्या परीक्षा विभागाकडे जावी लागते. कायम करण्याआधी जे काम एका क्लिकचं, ते नंतर महिन्यांचं. म्हणून चाचणीचे गुण सूचनाफलकावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आले त्याच आठवड्यात हालचाल करा, गुणपत्रिकेची वाट पाहू नका.

समितीकडे कधी जायचं? अर्जाला आठ-दहा कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही की. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत ही समिती हवी: अध्यक्ष आणि चार ज्येष्ठ प्राध्यापक, त्यांत किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली व्यक्ती, शिवाय विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत ही तक्रारीच्या व्याख्येतच येते, तेव्हा ‘हा आमचा विषय नाही’ हे उत्तर चालत नाही. ऑनलाइन आलेली तक्रार संस्थेने १५ दिवसांत समितीपुढे ठेवायची आणि समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्याची प्रत विद्यार्थ्यालाही. ‘शक्यतो’ हा शब्द विनियमातलाच आहे, आणि सेवेची सगळी ढिलाई त्यात मावते. प्रत्यक्षात समितीची नावं संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या पीडीएफमध्ये असतात. ती आधी वाचा. तुमचे विभागप्रमुखच सदस्य असतील तर त्यांनी या प्रकरणात बसू नये, अशी लेखी विनंती तक्रारीतच करा. सुनावणीला स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. आईवडिलांना नेलंत तरी बोलणं तुम्हीच करा.

अहवाल पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. त्यांना ३० दिवसांत निकाली काढायचं असतं. इथे एक मोठी अट आहे. नुसत्या फेरतपासणीचा किंवा नव्याने गुण देण्याचा अर्ज लोकपाल ऐकत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाची ठोस घटना दाखवावी लागते. बिनतपासलेलं पान, चुकीची नोंद या गोष्टी त्यात बसू शकतात. ‘कडक तपासलं’ बसत नाही. खोटी तक्रार ठरली तर विद्यार्थ्यावरही कारवाईची शिफारस होऊ शकते.

पेपर दाखवतच नसतील तर माहितीचा अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केलं की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला पाहता येते आणि तिची प्रत घेता येते. तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळत नाही, आणि या कायद्याने फेरतपासणीही मागता येत नाही. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात जन माहिती अधिकारी असतोच. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयाच्या परिसरात मिळतो. प्रतींचे पानाला २ रुपये. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच संस्थेत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या खेपा वाचतात. विनाअनुदानित कॉलेज ‘आम्हाला कायदा लागू नाही’ म्हणालं तर त्या भांडणात महिने घालवू नका, सरळ समितीकडे जा. आणि उशीर करू नका: उत्तरपत्रिका जतन करण्याची मुदत संपली की गठ्ठा रद्दीत जातो, मग कुठलाच कायदा तो परत आणत नाही.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अंतर्गत गुणांसाठी आधी अभ्यासकेंद्र गाठावं लागतं. गृहपाठ जमा केल्याची पोच तिथेही लागते. स्वायत्त कॉलेजात परीक्षा नियंत्रक कॉलेजातच बसतो, त्यामुळे पुण्याचा टप्पा वाचतो, पण दुरुस्तीची मुदतही कॉलेजच ठरवतं. ती परीक्षा नियमावलीत शोधा.

दुरुस्ती मंजूर झाली तरी काम संपत नाही. पोर्टलवरचा आकडा बदललाय का ते स्वतः बघा, सुधारित गुणपत्रिकेसाठी वेगळा अर्ज द्या. जुनी गुणपत्रिका मूळ प्रतीत परत मागतात. देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा, आणि ती देतानाही पोच घ्या.