घरच्या कॉम्प्युटरवर बेसलाइन: काही महिन्यांच्या वापरानंतर रीपर, सर्ज, वायटल आणि इतर

बेससाठी, म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणाऱ्या खालच्या सुरांसाठी, सॉफ्टवेअर निवडताना त्यात किती आवाज आहेत हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, सूर किती लांब ठेवायचा, नेमका कुठे तोडायचा आणि एका सुरावरून दुसऱ्यावर कसं घसरायचं, हे किती सहज हातात येतं. चवथीच्या आधीपासून शिगमा संपेपर्यंत मी घरी हेच काम करत होतो, आणि शेवटी टिकलं ते या कसोटीला उतरलेलंच.

मी फोंड्याचा. गावच्या हौशी नाटक मंडळीचं पार्श्वसंगीत, भजन आणि घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीची रेकॉर्डिंगं, आणि धाकट्या मावसभावाचे सायट्रान्सचे (वेगवान इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचे) ट्रॅक, असं तीन तऱ्हेचं काम माझ्याकडे असतं. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, विंडोजवाला. सोबत कॉम्प्युटरला सूर पाठवणारा छोटा मिडी कीबोर्ड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन.

सुरुवात एलएमएमएस या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरपासून केली. फुकट आहे आणि शिकायला सोपं आहे. त्यातला एलबी३०२ हा सिंथ (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज घडवणारं वाद्य) रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ ची नक्कल करतो. हे ३०३ यंत्र १९८१ साली आलं, एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते चाललं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण १९८२ मध्येच आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी त्यावर राग वाजवून रेकॉर्ड केले होते. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत काढलं आणि नव्वदच्या दशकात तो आवाज आपल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर घुमला. गोव्यात बसून बेसलाइन करणाऱ्याने हे यंत्र समजून घ्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. सुरांचा क्रम लावायचा सोळा पायऱ्यांचा सीक्वेन्सर, काही पायऱ्यांवर जोर, काहींवर घसरण, यापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. जी जादू होती ती त्या घसरणीत होती.

एलएमएमएस मागे पडलं त्याचं कारण साधं आहे. त्याच्या स्थिर आवृत्तीत बाहेरचा आवाज रेकॉर्ड करता येत नाही, आणि मला घुमट माइकवर घ्यायचं होतं. म्हणून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर आलो. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघायला मिळतं, घरगुती वापराचं लायसन्स साठ डॉलरचं आहे. सेटअप अगदी लहान असल्याने आमच्याकडच्या नेटवरही लगेच उतरतं. रूपकच्या सात मात्रा असोत की दादऱ्याच्या सहा, मोजणी हवी तशी लावता येते आणि पडद्यावरच्या मात्रांच्या रेषा, म्हणजे ग्रिड, त्याप्रमाणे बदलतो. लॅपटॉप दमायला लागला की तयार ट्रॅक फ्रीझ करायचा, त्याचं साधं रेकॉर्डिंग बनतं, म्हणजे सिंथचा भार उतरतो. आठ जीबीवर हे फार उपयोगाचं ठरलं.

आता प्रत्यक्ष बेसकडे. सायट्रान्सचा हिशोब बघा. टेम्पो मिनिटाला १४५ बीट असेल तर एका बीटच्या चौथ्या भागाला साधारण १०३ मिलिसेकंद मिळतात. बेसचा सूर ४१ हर्ट्‌झचा, म्हणजे त्याच्या एका आवर्तनाला २४ मिलिसेकंद लागतात. अख्ख्या नोटमध्ये जेमतेम चार आवर्तनं बसली! अशा वेळी प्रत्येक नोटची लहर वेगळ्या बिंदूपासून सुरू झाली तर एक नोट ठोस लागते, पुढची पोकळ. वायटल या सिंथमध्ये नवीन ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग) घेतला की लहरीचा आरंभबिंदू दर नोटला बदलत राहतो. ती फेज रँडमची खुंटी शून्यावर आणली की बेस एकदम सरळ उभा राहतो. सर्ज एक्सटी या दुसऱ्या सिंथमध्ये याच कामासाठी रीट्रिगर आहे. दोन्ही फुकट मिळतात (वायटलची पैसे देऊन घ्यायचीही आवृत्ती आहे, पण तिच्यात वाढतात ते मुख्यतः तयार आवाज). मावसभाऊ वायटलवर खूश आहे, कारण त्यात काय कुठे हलतंय ते पडद्यावर दिसतं.

मी मात्र सर्जकडेच वळतो. त्यात एकल सुराचा असा एक प्रकार आहे की दोन नोटा एकमेकींवर थोड्या चढल्या तरच सूर घसरतो, नाहीतर नवा आघात होतो. म्हणजे मींड कुठे घ्यायची हे मी नोट किंचित लांबवून ठरवतो. भजनाला हे इतकं छान बसतं की मी बाकीचे सिंथ उघडायचंच सोडलं. शिवाय सर्जमध्ये स्काला फाइल (सुरांमधली अंतरं लिहिलेली फाइल) घालून सुरांची जुळणी बदलता येते. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, आणि बेसचा गंधार लांब धरायचा असेल तेव्हा हा फरक कानाला लागतो.

खऱ्या बेस गिटारच्या आवाजासाठी अँपल बेस पी लाइट आणि मोडो बेस २ सीएस असे दोन फुकटचे पर्याय वापरले. अँपलमध्ये खऱ्या गिटारचे रेकॉर्ड केलेले सूर आहेत, तर मोडोमध्ये तारेचं कंपन गणिताने घडवलं जातं. नाटकातल्या हलक्याफुलक्या प्रवेशांना मला अँपल आवडतं, त्याचा आवाज पहिल्या क्षणापासून ओळखीचा वाटतो. एकच सूर सलग वाजत राहायचा असेल तर मोडो घ्या, कारण तिथे तीच नोट जशीच्या तशी परत येत नाही.

पट्टीचं एक सांगायला हवं. आमचे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून, गातात. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार पांढरी तीनवर, ४१ हर्ट्‌झला थांबते. काळी एकचा सा मिळतो तो ६९ हर्ट्‌झचा, त्याखालचा ३५ चा सा या वाद्यात नाहीच. सिंथवर तो काढता येतो, पण मंडपातल्या साध्या बॉक्समधून तो धड ऐकू येत नाही. म्हणून ६९ चा सा आणि खालचा पंचम, ५२ हर्ट्‌झच्या आसपासचा, या दोघांवरच मी बहुतेक सगळं बसवतो. तेवढं पुरतं.

त्या पंचमाने एक वेगळीच गोष्ट लक्षात आणून दिली. माझी खोली साडेतीन मीटर लांब आहे आणि एवढ्या लांबीत ४९ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये घुमून फुगतो. स्पीकरवर पंचम मोठा वाटतो, म्हणून तो कमी केला की मंडपात तो गायब! लॅपटॉपच्या स्पीकरमधून तर तो येतच नाही. त्यामुळे बेसची पातळी ठरवायची ती हेडफोनवरच. मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी मी त्यावर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा इफेक्ट) टाकतो, म्हणजे वरचे स्वरांश उमटतात आणि मूळ सूर ऐकू आल्याचा भास होतो.

घुमटासोबत बेस घालावा का, यावर आमच्या मंडळात दोन मतं आहेत. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. त्याच्या मागच्या तोंडावर तळहात उघडझाप करून वादक जो गंभीर नाद काढतो, तो स्वतःच बेस आहे. माझं मत स्पष्ट आहे: आरतीत बेस नको. जिथे मंडळी हट्टच धरतात तिथे बेसच्या नोटा अर्ध्यावर तोडतो आणि रीपरच्या कॉम्प्रेसरला (आवाज दाबणाऱ्या इफेक्टला) घुमटाचा ट्रॅक साइडचेनने, म्हणजे इशारा म्हणून, जोडतो. घुमटावर थाप पडली की बेस आपोआप दबतो.

मधल्या काळात एक विकतचं सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. आवाज उत्तम होता, पण ते अधूनमधून ऑनलाइन पडताळणी मागायचं. आमच्याकडे पावसात लाइट गेली की नेटही जातं, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू असूनही काम अडून राहायचं. पावसाळ्यात गोव्यात काम करणाऱ्यांनी विकत घेण्याआधी हे नक्की विचारून घ्यावं.

आता उणीव उरली आहे ती उभ्या डबल बेसची. नाट्यपदाखाली तो बोटाने छेडलेला, लाकडी, लगेच विरणारा सूरच शोभतो, आणि फुकटच्या पर्यायांत मला तो मनासारखा मिळाला नाही. म्हापशाच्या एका मित्राच्या स्टुडिओत स्पेक्ट्रासॉनिक्स कंपनीचं ट्रिलियन हे बेसचं सॉफ्टवेअर ऐकलं. त्यात तो आहे, आणि फार सुंदर आहे. पण त्याची लायब्ररी ३४ जीबीची आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. आधी एक एसएसडी घेईन, मग पुढच्या जत्रांच्या हंगामापर्यंत पैसे साठवून ते घ्यायचा विचार आहे. कोणी आठ जीबी रॅमवर ट्रिलियन चालवत असेल तर कसं चालतं ते जरूर सांगा.