डिझेलच्या गाडीत पेट्रोल: जागेवर उपसा की टोचन?

चावी अजून फिरवलेली नाही, असं धरून चालतो. पेट्रोलचा नोझल बारीक, डिझेलच्या टाकीत सहज बसतो. म्हणून घोळ बहुधा याच बाजूनं होतो.

सोलापूर-धुळे रस्त्यावर गेवराईच्या आसपास हे झालं, तर फिटरला पंपावर बोलावून नळीनं टाकी उपसायची, नाहीतर टोचन लावून बीड गाठायचं.

जागेवरचा उपसा स्वस्त, तासाभरात मोकळं. ट्रॅक्टर किंवा मेकॅनिकल पंपाची जुनी बोलेरो असेल, तर टोचनाच्या भानगडीत पडा असं मी तरी म्हणणार नाही.

कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे जिथे हाय प्रेशर पंप एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवतो, मात्र घोडं तळाशी अडतं. तोंडातून सोडलेली नळी वाकणावर नाहीतर झडपेवर अटकते. उतरली तरी बुडाला टेकत नाही. तीन-चार लिटर राहतात आणि फिटर ‘झाली कोरडी’ म्हणून हात पुसतो. हिशेब बघा. आधीचं डिझेल 10 लिटर, वर पेट्रोल 20. मागे राहिलेल्या 4 लिटरांत पेट्रोल पावणेतीनच्या जवळ. 36 लिटर डिझेल ओतलं तरी ते शेकडा साडेसहाच्या वर. दहाच लिटर टाकून निघालात तर एकोणीस! हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच. पेट्रोल ते धुऊन काढतं, पंप आतून घासतो, त्याचा कीस रेलमधून इंजेक्टरांत जातो. चार लिटरांपायी एवढं, हेच मला पटत नाही.

गॅरेजवर बहुतेक गाड्यांचं मागचं सीट उचललं की टाकीवरचं झाकण सापडतं. फ्लोटचं युनिट (टाकीत तेल किती ते दाखवणारं) काढल्यावर टाकीचा तळ बॅटरीच्या उजेडात दिसतो, पुसूनही घेता येतो. झाकण नसेल तर खड्ड्यावर टाकी उतरवावी लागते. पट्ट्यांचे गंजके बोल्ट तुटतात, अर्धा दिवस जातो. शिवाय फ्लोटखालची रबरी रिंग बाहेर निघाली की फुगते, खाचेत परत बसत नाही. नवी आधीच आणवून ठेवा.

काम कुठंही करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. डिझेल फिल्टर नवा, जाणारी-येणारी दोन्ही लाइन रिकामी, मग डिझेल लाइनवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढायची.

टोचनासाठी स्टिअरिंगचं लॉक सोडवायला चावी पहिल्याच खटक्यावर थांबवा. पुढे गेली तर ज्या गाड्यांच्या टाकीत मोटर असते, तिथे पेट्रोल लाइनमध्ये चढतं. क्रेनवर गाडी चढवता आली तर ही कटकटच नाही.

इंजिन आधीच चाललं असेल, तर जुना फिल्टर पांढऱ्या फडक्यावर उलटा करा. चंदेरी चकाकी, म्हणजे पंपाचा कीस, दिसली की जागेवरच्या उपशाचा विचार सोडा.