नागपूरच्या धरमपेठेतलं ‘जर्मनी वर्क परमिट पॅकेज’: दीड लाखात हाती काय पडतं?

हे पॅकेज विकणाऱ्या ऑफिसला पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन फाइल नीट लावून देतात म्हणून.

“जर्मनीत माणसं मिळत नाहीत, तुमचं काम टंचाईच्या यादीत आहे, परमिट पक्कं समजा.” पहिल्याच भेटीत हे ऐकवलं जातं. यादी खरी आहे, पण तिच्यामुळे ब्लू कार्डासाठी (मुख्यतः पदवीधरांना मिळणारं वर्क परमिट) पगाराची अट खाली येते, एवढंच. 2025 साली ही अट एरवी वर्षाला 48,300 युरो होती, टंचाईच्या पेशांना 43,759.80. म्हणजे 43,700 ची ऑफर साठ युरोंपायी बाद! आकडा दर जानेवारीत बदलतो. या ऑफिसच्या पत्रकात मात्र जुनाच छापलेला आहे.

आणखी एक गोष्ट ते सांगत नाहीत. कमी पगाराच्या या वाटेला तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, पूर्ण पगाराच्या ऑफरला लागत नाही. परदेशी माणूस स्वस्तात राबवून घेत नाहीत ना, हे ते खातं तपासतं. ऑफर लेटरमध्ये कामाचे तास आणि कामाचं स्वरूप मोघम असेल तर फाइल तिथेच अडते.

आयटीआयवाल्यांनी तर हे पॅकेज घेऊच नये. ब्लू कार्डाची यादी मुख्यतः इंजिनिअर, डॉक्टर, नर्स, आयटी यांची. इलेक्ट्रिशियन तिकडे कितीही कमी असले तरी त्यांची वाट वेगळी: आधी प्रमाणपत्राला जर्मन मान्यता. औद्योगिक ट्रेड असेल तर अर्ज न्युर्नबर्गच्या ‘आयएचके फोसा’कडे, फी साधारण 100 ते 600 युरो. इथे घात करतं ते अनुभवपत्र. हिंगणा एमआयडीसीतल्या ठेकेदाराचं ‘काम समाधानकारक’ छापाचं दोन ओळींचं पत्र काही कामाचं नाही. कोणत्या मशीनवर, कोणतं काम, किती महिने, हे लेटरहेडवर लिहून घ्या.

नर्सिंगवाल्यांना यादीत असूनही मान्यता चुकत नाही, आणि सहसा बी-2 पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते.

पॅकेजमधलं ‘पदवी मूल्यांकन’ म्हणजे ‘अनाबिन’ या फुकट जर्मन डेटाबेसची प्रिंट. घरी बसून होतं. कॉलेज नाही, पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं; नागपूर विद्यापीठाचं नाव 2005 मध्ये बदललं, तेव्हा जुनी पदवी असेल तर नुसतं ‘नागपूर’ टाकून पाहा. विद्यापीठासमोर एच-प्लस, म्हणजे ‘मान्यताप्राप्त’चा शेरा, हवा, आणि पदवीची नोंद वेगळी तपासायची. ती सापडली नाही तरच पैसे भरून तुलना-प्रमाणपत्र (आपली पदवी जर्मनीतल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, ते सांगणारं) मागवायचं.

बायोडाटा मात्र चांगला बसवून देतात.

नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे ई-मायग्रेट पोर्टलवरचा रिक्रूटिंग एजंट नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि त्याचं सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, यापलीकडे जाऊ शकत नाही. इथे क्रमांक मागितला की ‘आम्ही फक्त सल्ला देतो’ असं उत्तर येतं. पावतीवरही ‘समुपदेशन शुल्क, परतावा नाही’ असंच छापलेलं असतं.