चार कॅमेरे, एक हूटर आणि आमची गल्ली : सहा महिने वापरून

हूटरला पाचपैकी पाच. कॅमेऱ्यांना तीन. बसवून देणाऱ्या पोराच्या कामाला चार. सिमकार्डावरून फोन लावणाऱ्या डबीला दोन, तेही जिवावर येऊन. कंपनीचं नाव लिहीत नाही. असले संच आतून सारखेच असतात, वरचा स्टिकर तेवढा वेगळा, असं त्या पोरानंच सांगितलं. सगळं मिळून एकवीस हजार पाचशे, फिटिंगचे अठराशे वेगळे.

माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल-पिको. तालुक्याचं गाव, सराफ कट्ट्याचं तोंड. समोर बारा पावलांवर अण्णांची पेढी. माझ्या दुकानात सोनं नाही, गल्ल्यात संध्याकाळी चार-पाच हजार असले तर डोक्यावरून पाणी. मग एवढा खर्च कशाला, असं नवऱ्यानं विचारलंच. त्याचं उत्तर द्यायचं तर श्रावणातल्या त्या मंगळवारपासून सांगावं लागेल.

बाजारचा दिवस होता. सव्वाआठला दोन मोटारसायकली आल्या, चौघं उतरले, तिघांच्या डोक्यात हेल्मेट. मला आधी काच फुटल्याचा आवाज आला. वाटलं, अण्णांच्या पोऱ्यानं ट्रे पाडला. मग अण्णा ओरडले. तसा आवाज मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. एकाच्या हातात कोयता होता, दुसऱ्याच्या हातात पिस्तूल, ते खरं की खेळण्यातलं अजून कुणाला माहीत नाही. आणि मी काय केलं? शटर ओढलं. माझ्या मागोमाग गल्लीतली सगळी पडली, धडाड, धडाड, थेट मेडिकलपर्यंत. आत अंधारात मी कापडाची मोठी कात्री धरून उभी. बाहेर चार मिनिटं काय चाललं होतं ते फक्त ऐकलं.

तोवर या गोष्टी आम्ही पेपरातच वाचायचो. २०२३ च्या जूनमध्ये सांगलीत मिरज रस्त्यावर पोलीस असल्याचं सांगून भरदिवसा पेढी लुटली, पाठोपाठ कोल्हापूरजवळ बालिंग्यात गोळीबार करून लुटली. तेव्हा आमच्या सराफांनी बैठक घेतली, चहा झाला, प्रत्येकानं दारावर ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात’ असा फलक लावला. अण्णांनी कॅमेरेही लावले होते, चांगले सहा. चोरांनी जाताना गल्ल्याखालचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, वायरींसकट उपटून नेला. सहा कॅमेऱ्यांनी जे पाहिलं ते चोरांच्याच पिशवीत गेलं.

शटर वर केलं तेव्हा अण्णा पायरीवर बसले होते. डोक्यावरचा वार त्यांनी उजव्या हातावर झेलला होता, कोपराच्या खाली. मी अस्तराचा पांढरा तागा उचलला, मीटरभर कापड टर्रकन फाडलं आणि दाबून धरलं. आधी माझ्या बोटांना ते ऊन लागलं, मग चिकट. दुसरं मीटर त्याच्यावरच लावलं, पहिलं काढलं नाही. ते शहाणपण नव्हतं, हात हलवायची भीती वाटत होती. नंतर कंपाउंडर म्हणाला, तेच बरोबर केलंत, दाबून धरलं म्हणून निभावलं.

भोवती चाळीसएक माणसं होती आणि सगळ्यांचे मोबाइल वर. वाईट वाटून नाही सांगत, त्यांच्या टॉर्चच्या उजेडामुळेच मला जखम दिसली. पण ‘ॲम्ब्युलन्सला फोन केला का कुणी?’ असं मी विचारलं तर चारजण एकदम म्हणाले, ‘केलाय, केलाय.’ केला होता एकानंच, विजेच्या खांबावर चिकटवलेल्या खासगी गाडीच्या नंबरवर. ड्रायव्हर जेवायला बसला होता, ‘पाच मिनिटांत निघतो’ म्हणाला. १०८ कुणीच लावला नाही. ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या, म्हणजे आजच्या छत्तीस जिल्ह्यांच्या हिशेबानं सरासरी सव्वीस. त्यातली एखादी त्या रात्री जवळपास होती की नव्हती, आम्ही विचारलंच नाही. शेवटी भाजीवाल्याच्या छोट्या हत्तीत कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून अण्णांना घातलं.

पहिल्या खासगी दवाखान्यात काउंटरवरच ऐकवलं, ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या.’ माझा भाचा वकिली शिकतो. तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, मावशी, असं म्हणताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय की आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार मागाहून, आणि हे खासगी डॉक्टरलाही लागू. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सगळं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशीचंच सांगते. सकाळी नऊला अण्णांच्या बंद दारापुढे बायकांची रांग. कुणाच्या पाटल्या पॉलिशला टाकलेल्या, कुणाचं मंगळसूत्र गाठवायला, एकीचं डोरलं गहाण. ‘अण्णा कसे आहेत?’ हा प्रश्न दुसरा होता. पहिला कोणता ते तुम्हीच ओळखा. त्यांना नावं ठेवत नाही. माझी एक अंगठी तिथं असती तर मीही रांगेत असते.

अकराला मोर्चा निघाला. बाजारपेठ कडकडीत बंद. आदल्या रात्री आम्ही भीतीनं शटर पाडलं होतं, आता निषेधानं. ‘पोलीस चाळीस मिनिटांनी आले!’ ही घोषणा झाली, निवेदन दिलं. मग कलमावरून वाद. लोकांचं म्हणणं, दरोडाच लिहा. साहेब म्हणाले, दरोड्याला पाचजण लागतात, ते न्याय संहितेचं कलम ३१०. हे चौघं, म्हणजे ३०९, जबरी चोरी. ‘म्हणजे पाचवा आणायचा राहिला म्हणून सूट?’ असं कुणीतरी मागून ओरडलं आणि त्या सगळ्या तणावात लोक हसले. व्हॉट्सॲपवर तोवर पिस्तुलाचं स्टेनगन झालं होतं आणि अण्णा दोनदा वारले होते.

मला त्या चाळीस मिनिटांनी झोप लागेना. आमच्या मेडिकलवाल्याचा कॅमेरा कोपऱ्यावर आहे, त्यात मोटारसायकली आठ वाजून पंधरा मिनिटांनी वळताना दिसतात. चौथ्या दिवशी व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी म्हटलं, प्रत्येकानं मोबाइल काढा आणि त्या वेळचे कॉल वाचून दाखवा. आधी कुरकुर झाली, मग एकेकानं वाचलं. आठ एकवीसला कापडवाल्यानं ओळखीच्या हवालदाराला लावला. तो रजेवर, भाचीच्या बारशाला. आठ चोवीसला ठाण्याचा टेबलावरचा फोन, तीनदा, नुसती रिंग. दोघांनी नगरसेवकाला लावला. बाकीच्यांनी घरी, ‘मी ठीक आहे’ सांगायला. मी? मीही घरीच. ११२ या आपत्कालीन नंबरला पहिला फोन आठ तेहेतीसला, पाणीपुरीवाल्याच्या बारावीतल्या पोराचा. गाडी आली आठ सत्तावन्नला.

म्हणजे बेचाळीस मिनिटं. त्यातली अठरा आमची, चोवीस त्यांची.

त्यांची चोवीसही जास्तच. ठाणं दीड किलोमीटरवर आहे, म्हातारा माणूस चालत आला असता. टेबलावरचा फोन का उचलला नाही याचं उत्तर अजून मिळालेलं नाही आणि ते मागायचं मी सोडलेलं नाही. पण अठराचं काय, म्हटल्यावर ‘ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?’ असं ऐकून घेतलं. त्या दिवसापासून पलीकडचा भांडीवाला माझ्याशी मोजकंच बोलतो.

तर असा हा संच घेतला.

कॅमेऱ्यांबद्दल आधी, कारण लोक तेच विचारतात. दोन मेगापिक्सेलचे चार, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, माझ्याकडे अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं आपोआप पुसतं. फिटिंगवाला पोरगा दोन्ही बाहेरचे कॅमेरे छताला लावत होता. मी म्हटलं, बाळा, तिथून मला हेल्मेटचं टक्कलच दिसणार. एक कॅमेरा आत, दाराच्या चौकटीशी, माझ्या नाकाच्या उंचीवर लावून घेतला. त्यात येणाऱ्याचं तोंड दिसतं. बाहेरच्याला २.८ मिलिमीटरचं भिंग आहे. अख्खी गल्ली दिसते, देवळाचा कळससुद्धा, पण समोर उभ्या गाडीचा नंबर रात्री वाचता येत नाही, हेडलाइट लागला की पांढरा गोळा. नंबर हवा असेल तर अरुंद नजरेचं, सहा मिलिमीटरचं भिंग त्या जागी रोखून लावा, हे दुकानदार आपणहून सांगत नाही. डीव्हीआर माझा माळ्यावर, पॉपलिनच्या ताग्यांमागे. तिथं गरम होतो म्हणून पुढे हवेला जागा ठेवली आहे. फोनवर चित्र दिसतं, पण नवऱ्याला त्याचा नाद लागला. दुपारी घरून फोन करून सांगतो, ‘तिसऱ्या फळीवर धूळ दिसतेय.’ एक गुण त्यासाठी कापला.

सिमची डबी. बटण दाबलं की ती पाच नंबरांना ओळीनं फोन लावते आणि रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवते. निरोप त्या पोराच्याच आवाजात भरलेला होता, ‘दुकानात चोर शिरले आहेत’, साड्यांचा सेल लागल्यासारखा. मी माझ्या आवाजात पुन्हा भरला. पहिल्या चाचणीत माझ्या जावेनं अनोळखी नंबर म्हणून कापला, भावानं ‘कोण बोलतंय?’ असं चारदा विचारलं. आणि एका महिन्यात रिचार्ज संपला ते कुणाला कळलंच नाही, डबी पंधरा दिवस मुकी होती. डबीवर भरवसा ठेवून झोपू नका.

त्यापेक्षा हातातला फोन बरा. ११२ आपल्याकडे २०२१ पासून आहे. तो फोन नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात लागतो आणि तिथून आपल्या जिल्ह्याकडे, गाडीकडे निरोप येतो. म्हणून ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात मारुतीची देवळं किती! आधी तालुका, जिल्हा, मग रस्ता, मग खूण. मी मीटरपट्टीच्या वर भिंतीवर पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही. सरकारी नियमाप्रमाणे स्मार्टफोनचं पॉवर बटण तीनदा झटपट दाबायचं, बटणांच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. माझ्या फोनला मात्र पाचदा दाबावं लागतं. तुमच्या सेटिंगमध्ये बघून ठेवा आणि गंमत म्हणून लावू नका.

आता हूटर. काउंटरखाली पायाचं बटण, दोन छोटे रिमोट, बाहेर पत्र्याच्या पेटीत हूटर आणि आत त्याची स्वतःची बारा व्होल्टची बॅटरी, त्यामुळे लाइट गेली तरी वाजतो. आवाज असा की कबुतरं उडतात, एसटी स्टँडवर ऐकू जातो. पहिल्या आठवड्यात माझं रीळ खाली पडलं, उचलायला वाकले आणि पाय पडला. अर्ध्या मिनिटात बाराजण आले. चहावाला पक्कड घेऊन, मेडिकलवाला क्रिकेटची बॅट घेऊन, भांडीवालासुद्धा, हातात कुकरचं झाकण! मला रडूच आलं. चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाच्या पोरानं दाबलं, पाचजण आले. तिसऱ्यांदा पुन्हा माझाच पाय, आणि फक्त चहावाल्यानं तिथूनच मान वर केली.

हे कुठल्याच डब्यावर छापलेलं नसतं. हूटरची बॅटरी तीन वर्षं टिकेल म्हणतात, शेजाऱ्यांची तीन वेळांत उतरते. मी बटणावर प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उलटं बसवलं, आता पायानं सरकवून मगच दाबता येतं. आणि गल्लीत सांगून टाकलं की चाचणी फक्त मंगळवारी अकराला, तीही एकदाच. इतर कुठल्याही वेळी वाजला तर खरं समजा. शटर पाडायचं नाही, असं म्हणायचा मला हक्क नाही. पाडा, पण आतून ११२ लावा, दुसऱ्यानं लावला असेल असं समजू नका. पाणीपुरीवाल्याच्या पोराला चाचणीच्या दिवशी एक प्लेट माझ्याकडून, म्हणजे त्याच्या बापाकडूनच विकत घेऊन.

दुसरा रिमोट अण्णांकडे दिला आहे. बारा पावलांवरून आरामात चालतो. अण्णांची पेढी दिवाळीच्या आधी उघडली. हात जुळला, पण दोन बोटांना पूर्वीचा जोर नाही, तराजूतली गुंज आता पोऱ्या उचलतो. रिमोटचं बटण जरा कडक आहे, उजव्या हातानं दाबलं जात नाही, म्हणून त्यांनी तो डाव्या बाजूच्या खिळ्याला लाल दोऱ्यानं बांधला. कंपनीनं बटण मऊ करायला हवं.

परवाच्या मंगळवारी चाचणी त्यांनीच घेतली. हूटर वाजला, कबुतरं उडाली, चहावाला पक्कड घेऊन रस्त्याच्या मधोमध आला. माझ्यासमोर एक नवीन गिऱ्हाईक होती, बाहेरगावची, राणी रंगाचं अस्तर जुळवत होती. ती दचकून काउंटरच्या आत शिरली आणि म्हणाली, ‘अगं बाई, काय झालं हो?’

‘काही नाही,’ मी म्हटलं, ‘अकरा वाजले. किती मीटर फाडू?’