मॉनिटरवर डीव्हीडी: डीइंटरलेस नीट लावा, शार्पन बंद ठेवा

काही महिने पाल (भारत-युरोपातली टीव्ही पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रं) डीव्हीडी व्हीएलसी ३ या फुकट प्लेअरमधून १९२० × १०८० च्या मॉनिटरवर चालवल्यानंतरचं हे मत. डिस्कवरचं चित्र ७२० × ५७६. सोळा-नऊची (रुंद चित्राची) डिस्क पूर्ण पडद्यावर लावली की दर पाच पिक्सेलांमागे चार प्लेअरने अंदाजाने भरलेले असतात. म्हणून ‘डीव्हीडी एचडी करून देतो’ म्हणणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नयेत. जो तपशील डिस्कवर नाही, तो आणणार कुठून?

फुकटात आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो डीइंटरलेसिंगने, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या चित्रांतून पूर्ण चित्रं बनवण्याने. मालिका, सामने, मैफली, घरगुती कॅमेऱ्याचं चित्रीकरण यांत सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) असतात. एकाच फ्रेममधल्या सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात. मॉनिटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. अशा डिस्कसाठी टूल्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ इथे जाऊन डीइंटरलेस ‘ऑन’ करा आणि मोड ‘यादिफ (२×)’ निवडा. साधं यादिफ सेकंदाला २५ फ्रेम देतं, २× पूर्ण ५०. चेंडू किंवा नाचणारे पाय पाहा, फरक लगेच कळेल. ‘ब्लेंड’मुळे हालचालीमागे सावली राहते, ‘डिसकार्ड’ अर्ध्या ओळी टाकूनच देतं. मोड बदलूनही काहीच बदललं नाही, तर इनपुट/कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करा. डीव्हीडीच्या एमपीईजी-२ या व्हिडिओ कॉम्प्रेशनचा भार साध्या प्रोसेसरला सहज पेलतो.

सुरुवातीला ‘कायम ऑन’ हीच शिफारस केली असती. आता नाही. सिनेमांच्या बऱ्याच पाल डिस्कवर दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे असतात, पण डिस्कवर खूण मात्र इंटरलेस्डची (वेगवेगळ्या क्षणांच्या फील्डची) असते. तिथे यादिफ उगाच ढवळाढवळ करतं आणि तिरप्या कडा थरथरतात. डीइंटरलेस बंद ठेवून वेगवान दृश्यावर पॉज करा. दात दिसले तर ‘डी’ दाबून चालू करा, नाहीतर बंदच राहू द्या. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) सिनेमात पाचपैकी दोन फ्रेमना दात दिसले तर ‘फिल्म एनटीएससी’ मोड लावा.

काळा रंग राखाडी दिसतोय? उजेडाच्या ० ते २५५ मापात डीव्हीडीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, मॉनिटरला पूर्ण ० ते २५५ लागतं. डेस्कटॉपही फिका असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमधली एचडीएमआय रेंज ‘फुल’ करा. फक्त व्हिडिओच फिका असेल तर त्याच ड्रायव्हरमधल्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज ‘फुल’ करा. उलट, सावल्यांतला तपशील गडप होत असेल तर मॉनिटर लिमिटेड (१६ ते २३५ चा) सिग्नल धरून बसलाय; त्याच्या मेनूतली ब्लॅक लेव्हल बदला.

कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं, कारण मॉनिटरच्या ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० रिफ्रेश, म्हणजे चित्र ६० वेळा नव्याने रंगवणं) २५ ने भाग जात नाही. काही फ्रेम दोन रिफ्रेश टिकतात, काही तीन. मॉनिटर ५० हर्ट्झ घेत असेल तर तेच ठेवा. ७५ हर्ट्झ २५ फ्रेमच्या सिनेमाला चालतं, यादिफ २× च्या ५० फ्रेमना नाही.

शार्पन (कडा ठळक करणारा) फिल्टर मात्र लावू नका. त्याने चेहरा रेखीव होत नाही. कॉम्प्रेशनचे चौकोन आणि अक्षरांभोवतीचे थरथरणारे ठिपके तेवढे ठळक होतात. मॉनिटरचा स्वतःचा शार्पनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हीसुद्धा तशीच त्रासदायक. शार्पनेस मूळ पातळीवर आणा (ती प्रत्येक मॉनिटरवर शून्यच असते असं नाही), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा आणि खुर्ची हातभर मागे घ्या.