सोल्जर्स समिट, युकॉन (कॅनडा): खालून फोटो काढून निघू नका

अलास्का हायवेने हेन्स जंक्शन गाव सोडलं की तासाभराच्या आत क्लुएन लेकच्या काठाला हे ठिकाण येतं. बरेच जण पार्किंगमध्ये थांबतात, लेकचे फोटो काढतात आणि निघतात, पण खरी जागा वर आहे, छोटी चढण चढून गेलं की जिथे 20 नोव्हेंबर 1942 ला कडाक्याच्या थंडीत रिबन कापून हा हायवे उघडला तिथे पोचता. आईबाबांनाही झेपेल असा चढ आहे, फक्त वारा जबरदस्त, जॅकेट हवंच.

वर जायच्या आधी थोडं वाचून जा असं मी आवर्जून सांगेन. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अलास्काशी संपर्क तुटायची भीती अमेरिकेला होती म्हणून मार्च 1942 ला काम सुरू झालं आणि त्याच वर्षी दोन हजार किलोमीटरच्या वर कच्चा रस्ता काढला पण! शेवाळाचा थर खरवडला की खालची गोठलेली जमीन वितळून चिखल व्हायचा, मशिनं रुतायची, मग शेवाळ तसंच ठेवून वर ओंडके अंथरायला लागले. 7 इंजिनिअर रेजिमेंट होत्या, त्यातल्या 3 काळ्या सैनिकांच्या, कारण तेव्हा अमेरिकन सैन्यात त्यांना वेगळंच ठेवायचे. ऑक्टोबरमध्ये बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंचे बुलडोझर समोरासमोर आले, एकावर रिफाइन्स सिम्स, काळा, दुसऱ्यावर आल्फ्रेड जलुफ्का, गोरा. या काळ्या सैनिकांना किती वर्षं कुणी विचारलंही नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि नुसतं कौतुक करूनही चालणार नाही. रस्ता आला आणि 1943 मध्ये इथे गेम सँक्चुअरी (शिकारबंदीचं अभयारण्य) झाली, पिढ्यानपिढ्या इथे राहणाऱ्या सदर्न टचोनी लोकांना स्वतःच्याच जमिनीवर शिकार बंद. हेही इथे आठवायलाच हवं.

लेकच्या टोकाला स्लिम्स नदीचं रुंद पात्र आहे तेही बघा. 2016 मध्ये कास्कावुल्श ग्लेशियर मागे सरकलं, वितळलेलं पाणी दुसऱ्या नदीकडे वळलं आणि हे पात्र जवळजवळ कोरडं पडलं, म्हणून वारा सुटला की धूळ उडते, कॅमेरा सांभाळा.

माझ्याकडून 5 पैकी 5. शेजारच्या डोंगरावर डॉल मेंढ्या (पांढऱ्या रानमेंढ्या) असतात, भर उन्हाळ्यात त्या वर चढून जातात त्यामुळे मे किंवा सप्टेंबरमध्ये चान्स जास्त. पेट्रोल मात्र हेन्स जंक्शनलाच फुल्ल करून घ्या.